न गळणाऱ्या झाडाचा डिंक

१४ नोव्हेंबर

पोचले एकदाची! वडीगोद्रीला उतरले तेव्हा एक बॅग हातात, एक पाठीवर आणि आईनं जबरदस्तीनं कोंबलेली शेंगदाण्याची चटणी. तिचं तेल सांडलं ते नेमकं डिग्रीच्या फाईलवर. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, फर्स्ट क्लास, वर हा एवढा डाग. आता म्हणावं तर डिग्रीला चव आली.

काकासाहेब स्वतः मोटरसायकलवर घ्यायला आल्ते. साठीच्या पुढचे, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं खडीसाखर. हायवे सोडून आत त्यांचा मोसंबीचा मळा, मळ्याच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड. हाच तो कारखाना. हसूच आलं मला. जाहिरातीत तर 'उत्पादन केंद्र' लिहिलं होतं. भेगांवरचा मलम करायचा, ऊसतोडीच्या आणि कापूस वेचणाऱ्या बायांसाठी. मी 'क्वालिटी'. माझ्याशिवाय कामाला एकच बाई, वंदनाताई. त्या डब्या भरतात, लेबलं चिकटवतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी माझ्या चपलेपासून चष्म्यापर्यंत सगळ्याची टर उडवली. मला फार आवडल्या.

शेडला लागून माझी खोली. स्वतःचा नळ, खिडकीत मोसंबीची झाडं, लांबवर ट्रकचे आवाज. आईला फोन केला तर तिनं पहिलं विचारलं, आतून कडी हाय का. कडी आहे गं बाई, चांगली दणकट आहे.

आई केदारखेड्याला एकटीच असते. बाबा गेल्यावर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिनं मला शिकवलं. थंडी पडली की तिचे हात उलतात, बोंडाची टोकं त्या भेगांत शिरतात आणि पांढऱ्या कापसावर लाल ठिपके पडतात. मी लहानपणी ते ठिपके मोजायची. नोकरी ही, पगार बेताचा, पण मलम चांगला निघाला तर पहिली डबी आईची. बस्स, एवढं जमलं तरी शिकल्याचं चीज झालं.

१७ नोव्हेंबर

आज ते झाड पाहिलं.

यंदा अख्ख्या तालुक्यात फळगळ. काकासाहेबांच्या मळ्यातही झाडांखाली मोसंब्यांचा सडा, चालताना पाय घसरतो. पण विहिरीजवळ एक झाड आहे, त्याच्याखाली जमीन लख्ख. एक फळ नाही, एक पान नाही. काकासाहेब सांगत होते, मागच्या सालचीच न्हाई, त्याच्या मागच्या सालची फळंबी अजून वर हायेत. मोसंबीवाल्याला आणखी काय पाहिजे! ते झाडाकडं असे बघत होते की जावयाकडंबी कुणी इतक्या कौतुकानं बघत नसेल. पुढच्या साली त्याच्याच कलमा करून सगळा मळा भरायचा म्हणतात.

खोडातून डिंक वाहतो. बाकीच्या झाडांना डिंक्या लागला की झाड वाळतं, हे मात्र जोमात आहे. मळ्यातल्या रखमाजीच्या हाताला कुऱ्हाड लागल्ती, त्यानं हा डिंक थापला आणि जखम बघता बघता भरली. तिथून मलमाची कल्पना निघाली. मेण, तीळतेल आणि हा डिंक. रखमाजी कुठं आहे विचारलं तर म्हणाले, आखाड्यावर असतो, तब्येत बरी नसते त्याची. मळ्यातल्या घराला इकडं आखाडा म्हणतात.

कारखान्याची एक रीत आहे. जिनं कढई उतरवली तिनंच तो मलम आधी आपल्या डाव्या हाताला लावायचा, दोन आठवडे. मंगच माल बाहेर. काकासाहेब म्हणाले, घरात चाखल्याबिगर आपण पाहुण्याला वाढत न्हाई, हेबी तसंच. मला पटलं. आज माझी पहिली कढई उतरली. वंदनाताई नाक धरून लांब उभ्या. त्यांना त्या वासानं मळमळतं, त्या डब्यांनासुद्धा फडक्यानंच हात लावतात. मला तर वास गोडसर वाटला.

२४ नोव्हेंबर

कमाल आहे! डाव्या हाताच्या अंगठ्याची भेग गेली. नुसती भरली नाही, होती असंही वाटत नाही.

जेवताना वंदनाताईंना कातडीचा धडा दिला. म्हणलं, कातडीच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्मतात. त्या वर वर सरकतात आणि वर यायच्या आत ठरल्याप्रमाणे मरतात. कुणी मारत नाही, मरायची आज्ञा त्यांच्याच पोटात लिहिलेली असते. आतलं केंद्रक विरघळवून टाकतात, चपट्या होतात, एकमेकींना धरून भिंत करतात आणि मंग गळून जातात. महिनाभरात अख्खी कातडी नवी. म्हणजे आपल्याला बाहेरून जे दिसतं ते सगळं मेलेलंच असतं. वंदनाताई म्हणाल्या, आगं माय, म्हणजी रोज आंघोळीला मी माझंच मयत घासते का? मी म्हणलं, बराबर. आणि पोटातल्या लेकराचा हातही आधी बदकाच्या पायासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. मरण नसतं तर हात झाला नसता. त्यांनी भाकरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, जेवताना असलं नको सांगत जाऊ मॅडम.

एक गंमत केली. उजव्या मनगटावर सेलोटेप लावून ओढली, टेपवर धुक्यासारखा पांढरा थर आला. ती गळणारी कातडी. मंग डाव्या मनगटावर. टेप कोरी. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काचेसारखी कोरी.

७ डिसेंबर

काल घरी गेल्ते. आई पांढरी साडी नेसून वाट बघत बसली होती, मंग दोघी विहारात गेलो. मेणबत्ती धरलेला तिचा हात बघवेना. भेगांत काळं भरलेलं, एका बोटाला चिंधी. संध्याकाळी मी स्वतः तिचे दोन्ही हात मांडीवर घेऊन मलम चोळला. ती लाजत होती. म्हणे लेकीकडून पाय चेपून घेतल्यासारखं वाटायलंय. डबी तिथंच ठेवून आले आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ लावायचा, कंजुषी करायची नाही, संपला तर दुसरा आणीन.

दोन आठवडे उलटून गेलेत, माझा हात उत्तम आहे. काकासाहेबांना तसं लिहूनही दिलं. थंडीनं माझेही ओठ उललेत आणि जागरणानं डोळ्यांखाली काळं आलंय, तिथंही लावायला सुरुवात केली. बोटाला उरलेला गालांवर, कानांवरही फिरवते. फुकटचं पार्लर.

१२ डिसेंबर

सापडलं!

कॉलेजातल्या सरांकडून जुना मायक्रोस्कोप आणलाय. डाव्या तळव्याचा कागदाएवढा पातळ पापुद्रा नव्या ब्लेडनं कापला, रंग देऊन पाहिला. सगळ्यात वरच्या थरापर्यंत केंद्रकं! वरच्या पेशी सपाट नाहीत, मेलेल्या नाहीत, टपोऱ्या, जिवंत. एकही मरत नाहीये. या डिंकात असं काहीतरी आहे की पेशी मरायची आज्ञा ऐकतच नाही. त्या झाडाचंही तेच! फळाच्या देठाशी पेशी मरतात म्हणून फळ गळतं. तिथं त्या मरत नाहीत म्हणून तर गळ नाही. एकच गोष्ट, झाडात आणि माझ्यात.

हे छापून आलं तर माझं नाव होईल. पीएच.डी. कुठंही मिळेल. वंदनाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, कापलेल्या जागी रगत कुठंय मॅडम? खरंच नव्हतं. जागा भरून आली होती. मी म्हणलं, हीच तर कमाल. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि फडक्यानं आपली बोटं पुसली.

आता उजव्या हातालाही लावतेय. तुलना पाहिजे.

१७ डिसेंबर

कानातलं काढलं आणि परत घालायला गेले तर भोक सापडेना. दोन्ही कानांची. लहानपणी आईनं टोचलेली, इतक्या वर्षांची. तिथं आता बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत.

हात-तोंड घासलं तर मळ निघत नाही. खोलीत धूळ नाही. आधी बरं वाटलं होतं, झाडलोट वाचली म्हणून.

तळवे जड झालेत, आतून पीठ भरल्यासारखे. साहजिक आहे. तळातून नवीन येणं चालूच आणि वरून जाणं बंद. जाणार कुठं? हे मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. वंदनाताईंना मीच शिकवलं होतं हे. मलम आजपासून बंद.

१९ डिसेंबर

बंद करून दोन दिवस झाले, फरक नाही. वाढतंच आहे. मनात आलं, रखमाजीनं तर नुसता डिंक लावला होता, मलम नाही. त्याचं काय झालं ते बघावं.

दुपारी आखाड्यावर गेले. वाटेत ते झाड. आज जवळून पाहिलं. वरच्या फळांमध्ये फट नाही. सालीला साल लागून पाच-सहा मोसंब्यांची एकच गाठ झालीय, पानंही त्यातच लिंपलेली.

आखाड्याच्या ओट्यावर रखमाजीची बायको गोजरबाई बसली होती. मी माझे हात दाखवले. ती रडायलाच लागली. मंग आत नेलं.

रखमाजी बाजेवर बसलेला. आधी वाटलं चेहऱ्यावर फडकं आहे. फडकं नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन उंचवटे, त्यांच्या आत बुबुळं हलताना दिसत होती. हात म्हणजे धुणं बडवायच्या दोन मोगऱ्या, बोटं आत असतील. तोंडाच्या जागी एक ताजी चीर. गोजरबाईनं सांगितलं, रोज सकाळी ती नव्या ब्लेडनं नवऱ्याचं तोंड उघडते, दूध पाजते, दुपारपर्यंत ते परत मिटतं. डोळे उघडणं तिनं सोडून दिलंय, त्याला फार दुखायचं. काकासाहेब ब्लेडची पाकिटं पोचवतात आणि कुणाला सांगू नको म्हणतात.

त्याला माझा आवाज ऐकू येत होता. मान माझ्याकडं वळवली त्यानं. मी पळत आले. माझ्या आईला मी हे लावलंय.

१९ डिसेंबर, संध्याकाळ

आईला फोन केला. ती भलतीच खुशीत. हात कसे लेकरासारखे झालेत म्हणाली, शेजारणी बघायला येतात म्हणाली. मी ओरडले, आजपासून बंद कर, डबी उकिरड्यात टाक. ती म्हणाली, आगं एवढी चांगली चीज? मी शपथ घातली. माझी शपथ घातली. तेव्हा म्हणाली, बरं बाई, न्हाई लावत. तीनदा वदवून घेतलं तिच्याकडून.

नशीब, तिच्या फक्त हातांना आहे.

काकासाहेबांना जाब विचारला. ते म्हणाले, रखमाजीनं आडमाप डिंक थापला, मलमात तर चमचाभर असतो. आणि तूच लिहून दिलंस ना, हात उत्तम म्हणून.

२२ डिसेंबर

अंबडला डॉक्टरांकडं गेले. ॲलर्जी म्हणाले. गोळ्या दिल्या. बोटांमध्ये पडदा धरलाय तो दाखवला, तर विचारलं जन्मापासून आहे का. मोठ्या दवाखान्यात संभाजीनगरला जा म्हणाले, चिठ्ठी दिली. काकासाहेब म्हणाले, पुढच्या सोमवारी मी स्वतः नेतो, गाडी करतो, तोवर गावभर बोभाटा नको.

फोन बोट ओळखत नाही. ठसाच उरला नाही. नंबर टाकून उघडते, तेही चार-पाचदा दाबल्यावर.

२४ डिसेंबर

सकाळी पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्यानं सुटल्या. मलम बंद आहे. तरी ते चाललंय, जिथं लावलं नव्हतं तिथंही. मानेवर. पेशींनी एकमेकींना सांगितल्यासारखं.

आई रोज फोनवर विचारते आवाज असा का येतोय. सर्दी झाली म्हणते मी. लावत नाहीस ना? मी विचारते. न्हाई गं, ती म्हणते.

आखाड्याला कुलूप आहे. गोजरबाई, रखमाजी कुठं गेले, कुणालाच माहीत नाही.

२६ डिसेंबर

तोंडाचे कोपरे मिटत आलेत. चमचा जात नाही. पातळ वरण, तेही वंदनाताईंनी बशीतून. त्या रडत होत्या, तरी मला हसवायला म्हणाल्या, आता तरी मॅडम शिकवायचं बंद करतील. हसायला गेले. कोपरा फाटला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भरून आला.

त्या पुतणीच्या लग्नाला चालल्यात. जात नाही म्हणत होत्या, मीच जा म्हणलं. सोमवारी सकाळी येतो म्हणाल्या, मंग तिघं दवाखान्यात.

पेन धरता येत नाही. पेन्सिल मुठीत धरून —

२७ डिसेंबर

ब्लेड लावलं. स्वतःच. आरशासमोर.

दुखलं. फार दुखलं. जिवंत आहे ना सगळं — मेलेली कातडी दुखत नसते.

दूध प्याले. बारा वाजेस्तोवर परत बंद. नाकानं श्वास येतो अजून. नाकपुड्यांत सकाळ-संध्याकाळ पेन्सिल फिरवते.

काकासाहेब मुलीकडं पुण्याला गेले. कुंपणाच्या फाटकाला कुलूप. माझी किल्ली मागून घेऊन गेले, म्हणाले तू अशी रस्त्यावर गेलीस तर लोक काय म्हणतील. दिली मी. भोळी. एक किल्ली वंदनाताईंकडं आहे. सोमवार. फक्त सोमवारपर्यंत.

आईच्या फक्त हातांना आहे. तेही थांबलंय. तिला नंतर नेऊ दवाखान्यात. तिचं बरं होईल.

२८ डिसेंबर, रविवार

डावा डोळा गेला. उजव्यात फट आहे. पेन्सिल दोन्ही हातांच्या मध्ये दाबून अक्षर मोठं काढते.

आज ब्लेड धरता आलं नाही. हातांत बोटं राहिली नाहीत, दोनदा पडलं, मंग सापडलं नाही.

आत्ता आईचा फोन आल्ता. इयरफोनचं बटण कोपरानं दाबलं. ती बोलत होती. मी ऐकत होते. म्हणाली, रागावू नको, शपथ मोडली. डबी टाकवली न्हाई गं, तू एवढ्या मायेनं चोळलं होतंस. तेव्हापासून रोज लावतेय. थंडीनं ओठबी लई उलले, म्हणून चार दिस झाले ओठांना लावायले, पापण्यांना लावायले. सकाळी डोळे जरा चिकटतात, पर कातडी बघ म्हणाली, तुझ्या लग्नात उभी राहीन तर लोक मोठी बहीण म्हणतील —

मी ओरडले. आतल्या आत. नाकातून हुंकार निघाला नुसता.

ती म्हणाली, ऐकून राह्यलीस ना? रडू नको. डबी सरत आली, तर उरलेला आज झोपताना सगळा तोंडाला फासते. नवीन आण.

ठेवला तिनं. परत लावायचा तर फोनचा पडदा माझा हात मानत नाही. नाक लावलं, गाल लावला. कोपर. काही नाही.

आईला वाचता येत नाही. शेजारच्यांचा नंबर माझ्याकडं नाही. ती दार आतून लावते. दणकट कडी आहे तिची. सकाळी डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं — हाक कशी मारणार? तिच्याजवळ कुणी नाही ब्लेड लावायला.

फाटकापर्यंत जाऊन आले. चाचपत. लोखंड हलवलं. हायवेवर ट्रक चालूच. कुणाला ऐकू जातंय?

वंदनाताई, तुम्ही याल तेव्हा ही वही खिडकीत असेल. आधी माझ्याकडं बघू नका. मला राहू द्या. आधी आईला फोन लावा. नाही उचलला तर दार फोडायला सांगा कुणालाही. माझा फोन तुम्हाला उघडणार नाही. नंबर पाठ आहे मला. लिहिते. फट बारीक झालीय — रेघ दिसेना — नीट वाचा —

९४०३ ७ —